उलट्या थांबल्याची तक्रार

मी योलिमा कुएयार, वय ५४ वर्षे, धंदा आचिरा या कंदाच्या पिठाची बिस्किटे भाजून विकणे, राहणार सान इसिद्रो, उइला प्रांत, कोलंबिया. ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी पती एलिएसेर मोत्ता यांच्यासह राहते. आमचा कॉफीचा मळा आहे. शिवाय पती कॉफी संघात चव-परीक्षक आहेत. चमचाभर कॉफी भुरकून ती कोणत्या उतारावरची ते सांगतात. माझ्या कॉफीला त्यांनी लग्नापासून कालपर्यंत एकदाही चांगले म्हटलेले नाही. 'जळकट' हा त्यांचा ठरलेला शब्द.

पतींना घशाचा कॅन्सर झाल्याने शहरातील रुग्णालयात रोज किरणोपचार चालू आहेत. किरणांनी लाळ सुकते, तोंडाची चव जाते. म्हणून किरणांआधी देण्याचे एक इंजेक्शन डॉक्टरांनी सुचवले. त्याने रोग बरा होत नाही, आजूबाजूचा निरोगी भाग वाचायला मदत होते. ते मिळावे म्हणून मीच डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागले होते.

इंजेक्शननंतर पतींना चक्कर येई व भडभडून उलट्या होत. बसमध्ये मी पिशवी धरून बसत असे. तिसऱ्या आठवड्यात उलट्या एकाएकी थांबल्या. बसस्टँडवर पतींनी स्वतःहून सूप मागितले. मला कुठेतरी पाणी मुरतंय असे वाटले. नर्स देर्ली लोसादा हिला विचारले असता ती म्हणाली, "मावशी, सुंठीवाचून खोकला गेला, आनंद माना की!" हे बोलताना ती माझ्याकडे नव्हे, पतींकडे पाहत होती. हे मुद्दाम लिहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या फटीतून पाहिले. पतींना सुईसाठी खाटेवर आडवे केले नाही, सुई दिली नाही, सरळ किरणांच्या खोलीत नेले. देर्ली औषध चोरते अशी माझी खात्री झाली. मी वॉर्डात सर्वांसमक्ष तिला चोर म्हटले व काल या ठाण्यात तक्रार दिली. हवालदारांनी पुरावा विचारला. मी म्हटले, "माझ्या नवऱ्याला उलटी होत नाही, हाच पुरावा." ते हसले. मला हसू आले नाही.

आज पतींना ठाण्यात बोलावून विचारले. त्यांनी माझ्यासमोर सांगितले की, इंजेक्शन त्यांनी स्वतःच बंद करायला लावले. डॉक्टरांना ते ठाऊक आहे. बायकोला कळू देऊ नका, अशी गळ त्यांनीच देर्लीला घातली.

कारण विचारता ते मला म्हणाले, "अगं, तणनाशक मारताना आपण रोपावर डबा पालथा घालतो ना? तण रोपाला बिलगलेलं असलं तर डब्याखाली तेही वाचतं. जे औषध चांगल्याला झाकतं, ते वाईटाला झाकत नसेल कशावरून?"

मी विचारले, "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, तसं काही दिसून आलेलं नाही. पण मी तणं पाहिलीत. नुसती जीभ वाचवून काय करू? तुझ्या कॉफीला नावं ठेवायला मी राहायला नको?"

"लबाड! मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

पुढे पती म्हणाले, "आणि चव कुठे गेलीय? शाबूत आहे माझी. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

देर्ली लोसादाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तिला चारचौघांत चोर म्हटले, माफीही चारचौघांतच मागेन. तिच्यापुढे मला माझीच लाज वाटते.

चव शाबूत असल्याचे पतींचे म्हणणे मला मान्य नाही. आज सकाळी मी त्यांच्या कॉफीत गुळाऐवजी मीठ घातले. चुकून नव्हे, मुद्दाम घातले. त्यांनी कप रिकामा केला आणि म्हणाले, "वा! आज झकास जमलीय."

येणेप्रमाणे मी बोलले तसेच लिहिले असून ते मला वाचून दाखवले, ते खरे आहे. पती बाहेरच्या बाकावर बसले असल्याने मिठाचा मजकूर हळू आवाजात वाचावा, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली.