दादाचा गोल्या बर्फाच्या पेटीत

हसायचं नंतर, आधी ऐका! आमच्या दादाचा गोल्या, तो चपट्या नाकाचा पग, परवा भर दुपारी अंगणात आडवा पडला. जीभ निळी आणि श्वासाची नुसती घरघर. दादाला जाऊन दोनच महिने झालेत. मला वाटलं, आता हा पण चालला! आम्ही कोळी माणसं. नासायला लागलं की बर्फात टाकायचं, एवढंच मला ठाऊक. आईची मासळीची पेटी ओढली, गोल्याला बर्फात बसवलं, पेटी बाइकला बांधली आणि जनावरांच्या डॉक्टरसाठी सुसाट बोईसर गाठलं.

नाक्यावर एक बाई आडवी आली. "ए पोरा, पापलेट हाय का?"

"नाय मावशी, कुत्रा हाय!"

ती किंचाळलीच.

डॉक्टर माझ्यावरच उखडले. "मासा आहे का हा? साधं पाणी आणि वारा घालायचा! या जातीचं नाक आखूड, उन्हात धाप लागते. त्यात हा एवढा जाडा! खायला काय घालता?"

"सुकट. दादानं सवय लावलीय."

"मग दादाला सांग, सुकट बंद."

"सांगतो," म्हटलं.

गोल्या वाचला! घरी आलो तो सरळ दादाच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहिलो. "दादा, डॉक्टर म्हणाले, सुकट बंद."

मागून आई म्हणाली, "त्याला काय सांगतोस? त्यानं कधी डॉक्टरचं ऐकलंय?"

आणि हसली रे! दोन महिन्यांत पहिल्यांदा.