शेजाऱ्यांची हरकत नाही

(बंगळूर, शिवाजीनगर. १९६१, कार्तिक महिना. राममंदिराच्या ओसरीवर कीर्तनकार नागनाथबुवा आणि सरकारी इंजिनिअर मधुकर. खांबापाशी गंगव्वा देवाचे हार ओवते आहे.)

बुवा : सही कुठं पळून जाते, साहेब? स्वल्प इकडं सरका, असे जवळ बसा. टाळ-मृदंग नाही, पण एक आख्यान ऐकवतो. ते ऐका आणि मग तुम्हीच सांगा, मी सही करावी का.

मधुकर : बुवा, चारला फाइल साहेबांच्या टेबलावर हवी. एकाच ओळीखाली सही करायची आहे, ‘शेजाऱ्यांची हरकत नाही’. बाकी प्लॅन तिघांनी तपासलाय.

बुवा : ते तिघं जागेवर आले होते?

मधुकर : मातीचं सॅम्पल मागवलं होतं, सप्टेंबरात. रिपोर्ट स्वच्छ आहे. आत्ता मीही ही शेजारची जागा बघून आलो. हिरवंगार गवत आहे. त्यावर दोन फूट माती टाकायची आणि आमच्या स्टाफचे क्वार्टर्स बांधायचे.

गंगव्वा : तुमाला बी घर मिळणार तिथं?

मधुकर : दोन खोल्या, अक्का. बायकोला सातवा लागलाय. सध्या एका खोलीत आम्ही दोघं आणि घरमालकाची पोती.

गंगव्वा : मग घाई असणारच की!

बुवा : सरी, बरं, ऐका. तिथं मोटारींच्या बंपरांना चकाकी चढवायचा कारखाना होता. वापरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचे. छप्पन साली कारखाना उठला, तेव्हा असाच एक साहेब आला. खड्ड्यावर एक फूट लाल माती टाकू, म्हणाला. कागद इंग्रजीत. जवळच्या देवळात एक बुवा होता. साहेबानं रामाला दंडवत घातलं, रात्री कीर्तनाला बसला, डोळे पुसले. बुवा विरघळला. एवढा भाविक माणूस वाईट कागद कसा आणेल? न विचारता सही केली.

मधुकर : मग?

बुवा : पुढच्या फाल्गुनात त्या लाल मातीवर पिवळी साय धरली. झेंडूसारखी पिवळी. एक पोर ती खरवडून आणायची आणि रामनवमीला देवापुढं रांगोळी भरायची. बुवानं भर कीर्तनात तिचं कौतुक केलं. रामरायानं भूमीतून रंग धाडला, म्हणाला. पोरीला हुरूप आला, रोज ओंजळ भरून आणायला लागली.

गंगव्वा : आमची चंपा ती. साहेब, बोटांना जखमा झाल्या, नाकातनं रगत यायचं. आषाढात अंग सुजलं, लघवी बंद झाली. गेली.

मधुकर : अक्का... मला माहीत नव्हतं.

गंगव्वा : दर उन्हाळ्याला येते बघा. ती खरवडायची तिथंच पिवळं वर येतं. मी वर माती टाकते. म्हणते, बाई, नको येऊस, तुझी जागा देवापाशी. आठ दिसांनी पुन्हा हाय तिथंच.

मधुकर : अक्का, ते... उन्हाळ्यात खालची ओल वर चढते, तिच्याबरोबर खड्ड्यातलं ते विष वर येतं. पावसात धुऊन खाली जातं. म्हणून तर सप्टेंबरच्या सॅम्पलात... अरे देवा. दोन फूट मातीनंही थांबणार नाही ते.

गंगव्वा : म्हंजे ती येत न्हाई?

मधुकर : नाही, अक्का.

गंगव्वा : मग चार वर्सं मी कुणाला परत धाडत हुते?

बुवा : गंगव्वा...

गंगव्वा : अन् सही केलेला बुवा कोण?

मधुकर : जुना कागद फाइलला टाचलेला आहे. सही मोडीत आहे, मला वाचता येत नाही.

बुवा : माझी आहे ती. हजार माणसांपुढं उभा राहतो मी, तुझ्या एकटीपुढं तोंड उघडेना.

गंगव्वा : चार वर्सं तुमच्या देवाला हार ओवते. आदी बोलला असता, तर तुमच्याशी भांडले असते. मातीशी भांडत बसले.

बुवा : आत्ता भांड.

गंगव्वा : आत्ता लिवा. रडायचं मागनं. लिवा, पाऊस झाल्यावर बघाया येऊ नका, रामनवमीला या. हितं ऱ्हातात त्यांना विचारा. अन् सही मागताना देवाला नमस्कार घालू नका. लिवलं?

बुवा : लिहिलं. इथं अंगठा लाव. खाली मी सही करतो, या खेपेला मराठीत वाचून.

मधुकर : अक्का, हे जोडलं तर आज मंजुरी मिळत नाही. क्वार्टर्स वर्षभर तरी अडतील. घरी सुलभाला काय सांगू मी?

गंगव्वा : मग नका जोडू. कागद तुमचा.

मधुकर : ...द्या इकडं. पहिलं पान म्हणून लावतो. खाली माझीही हरकत लिहितो. साहेब ओरडले तर ओरडले.

बुवा : राम तुमच्या पाठीशी राहो.

मधुकर : निघतो, अक्का.

गंगव्वा : साहेब, तुमचं लेकरू रांगाया लागलं, की आमच्या चंपाची सय ठेवा. नऊ वर्सांची हुती.