पाणबुडीला खिडकी नसते

सांगायची लाज वाटते, पण आम्ही चौघं पाणबुडीवाले हावड्याच्या लाँचवर ओकून ओकून बेजार झालो होतो. खोल पाण्यात हेलकावे नसतात, त्यामुळे सवयच नाही! त्यात सुट्टीची गाडी गाठायची, म्हणून मी दर मिनिटाला घड्याळ बघतोय. लाँचवाला दादा आम्हाला हसतोय.

तेवढ्यात धुकं उतरलं आणि दादानं भर नदीत लाँच थांबवली. "काहीच दिसत नाही."

आमचा भोसले तोंड पुसत उठला. "दादा, पाणबुडीला खिडकी असते का?"

माझं घड्याळ, त्याचं होकायंत्र. डावं-उजवं सांगत त्यानं लाँच थेट धक्क्याला लावायला लावली!

धावत स्टेशनात शिरलो, तर धुक्यामुळे गाडी सहा तास लेट.

भोसले खवळला, "कुठंय तो ड्रायव्हर? मी बसतो शेजारी!"