फॉर्मवरचं ‘हो’

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी साठीचं एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याची दाढ काढायची होती. तो फॉर्म भरत होता आणि बायको वाकून बघत होती.

“हात काढा बघू त्यावरचा.”

“अगं, नाव-पत्ताच आहे.”

“मग झाकताय कशाला? ‘हृदयविकार आहे का’ यापुढे ‘हो’ का लिहिलंय?”

“चुकून झालं.”

“आणि ही रक्त पातळ करायची गोळी? ती तर ॲसिडिटीची म्हणाला होतात.”

“हळू बोल. दाढ काढल्यावर रक्त थांबलं नाही तर? डॉक्टरांपासून लपवून चालत नाही.”

“माझ्यापासून चालतं!”

“तू लेकीच्या बाळंतपणाला गेली होतीस ना, तेव्हा छातीत दुखलं. स्टेंट टाकला.”

“बरोबर कोण होतं?”

“कुणी नाही. रिक्षाने गेलो.”

“मी रोज फोन करत होते. तुम्ही ‘जेवलो’ म्हणायचात.”

“जेवायचोच की. तिथलं, अळणी.”

मग आतून हाक आली. तो उठला, तशी तीही उठली.

“तू बस इथेच. पाच मिनिटांचं काम आहे.”

“तुमच्या पाच मिनिटांवर आता माझा विश्वास नाही. व्हा पुढे.”