शेवंतीचा थांबा

माजं म्हायेर तुडीलचं. सावित्रीच्या काठाचं गाव, सपाट, पाण्याला तोटा नाय, आणि मला दिली ती डोंगरावर. पोलादपूर सोडलं की कशेडीची चढण लागते ना, तिथं सडकेच्या वर आमची वाडी हाय, थोडी घरं, सगळी गुरांवर जगणारी. लगीन झालं त्या दिवशी मी पयल्यांदा गाडीत बसले, नवऱ्याच्या शेजारी, मुंडावळ्या तशाच कपाळाला, आणि महाडातनं गाडी सुटली तसं मला मळमळाय लागलं, पोलादपूर येईस्तोवर खिडकीतनं ओकत होते. सासू म्हणाली, हिला गाडी सोसत नाय, बरं झालं, म्हायेरी पळायची नाय. आणि काय सांगू तुम्हाला, तीच मी पुढं जल्मभर गाडीत बसले. रोज.

दुधाचा रतीब होता आमचा, पोलादपूरच्या हॉटेलात. सकाळी म्हशींची धार काढायची, किटली भरायची, पायवाटेनं खाली सडकेवर उतरायचं आणि वळणावर उभं ऱ्हायचं. घाटावरनं गाडी यायची, खेडाकडनं. तिथं थांबा नव्हता बरं का. पाटी नाय, शेड नाय, काय नाय, नुसतं वळण. पण साळवी म्हणून डायवर होता, तो हात केला की गाडी घ्यायचा बाजूला. नेमकं वळणावर थांबवता येत नसे, मागनं ट्रक येतात, म्हणून थोडा पुढं जाऊन थांबायचा, आणि आमी किटली सांभाळत मागनं पळायचो. त्याचे उपकारच म्हणायचे, नायतर कोण थांबतं.

गाडीत वास कसला यायचा सांगू, डिझेलचा, भिजल्या घोंगडीचा, सुकटीचा, एखाद्याच्या टोपलीत कोंबड्या असायच्या त्यांचा. पण रोजची माणसं रोजच्या जाग्यावर. एक सुकट विकणारी म्हातारी होती, ती मला जागा धरून ठेवायची. कंडक्टरला आमी मास्तर म्हणायचो, त्याचं नाव मला शेवटपावेतो ठावं नव्हतं. बारीक माणूस, बोलायचा कमी, पण थांब्याची नावं अशी घ्यायचा की मागं झोपलेला माणूस उठून बसला पायजे.

मला एकच पोर झाली. शेवंती. वाडीतली शाळा चौथीवर संपली, पुढं पोलादपूरला घालायची तर वाडीतली माणसं म्हणाली, पोरीला एवढं लांब कशाला, गुरं कोण राखणार. पण आमचा माणूस, तिचा बा, म्हणाला, जाऊ दे तिला. मला सडकेवरची पाटी वाचता येत नाय, तिला येऊ दे. हे सत्तर सालाच्या थोडं पुढचं सांगते मी. आमच्या वाडीतनं हायस्कुलाला गेलेली ती पयली पोरगी.

मंग आमी दोघी उतरायचो खाली. माज्या हातात किटली, तिच्या खांद्याला पिशवी. मला वाटलं होतं बुजेल, पण नाय, गाडीत शिरली की तिचंच राज्य. मास्तर तिला पाढे विचारायचा, चुकली तर परत म्हणायला लावायचा. पुढं पुढं त्यानं तिला घंटीची दोरी ओढायला दिली, आणि मंग ती त्याच्यासारखा आवाज काढून ओरडायची, पोलादपूर, पोलादपूरवाले उतरून घ्या. सगळी गाडी हसायची. ती सुकटवाली म्हातारी म्हणायची, हिला मोठेपणी कंडक्टरीण करा गो. शेवंती म्हणायची, मी मास्तरीण होणार, शाळेतली.

गणपती नुकतेच गेले होते. पाऊस उघडला नव्हता, धुकं असं की समोरचा माणूस दिसत नाय. आमी वळणावर उभ्या, गाडी आली, साळवीनं आमाला बघितलं आणि नेहमीसारखी पुढं नेऊन उभी केली. शेवंती म्हणाली, आये, तू सावकाश ये, दूध सांडेल, मी गाडी थांबवून ठेवते. आणि पळाली. मी मागं. तेवढ्यात वरनं ट्रक आला, भरलेला, ओल्या सडकेवर त्याला काय आवरेना, माज्या अंगावरनं वारा गेला नुसता, आणि पुढं शेवंतीला धक्का देऊन, उभ्या गाडीच्या बाजूनं तो तसाच खाली निघून गेला. थांबला नाय. कोण होता, कुठला होता, आजपावेतो कुणाला कळलं नाय.

साळवी उडी मारून आला. त्यानंच तिला उचलली, लेकराला उचलतात तशी, आणि गाडीत बाकावर निजवली, डोकं माज्या मांडीवर. मास्तर सगळ्यांना म्हणाला, गाडी आता कुठं थांबायची नाय, सरळ महाडला दवाखान्यात जाणार, ज्याला उतरायचं त्यानं आत्ताच उतरा. एक माणूस उतरला नाय. पोलादपूर आलं, गेलं. तिथं उतरणारी होती की माणसं, कुणाची तारीख होती कचेरीत, कुणाचा बाजार होता, कुणी तोंडातनं शब्द काढला नाय. म्हातारीनं आपली घोंगडी काढून पोरीच्या अंगावर घातली. साळवी हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

पोलादपूर सोडलं आणि थोड्या वेळानं माज्या हाताला कळलं. अंग बदलतं हो. आईला कळतं. पण मी बोलले नाय. मी बोलले असते तर गाडी थांबली असती. मला वाटलं, चालू दे, गाडी चालू हाय तवर कायतरी हाय. म्हातारी माज्या तोंडाकडं बघत होती, तिलापण कळलं होतं, तिनं नुसता माजा हात धरला. महाडला डाक्टरनं बघितलं आणि मान हलवली, तवा मी रडले. तवर नाय.

घरी आमच्या माणसानं तिची पिशवी, पुस्तकं, कपडे, सगळं कुणाला कुणाला देऊन टाकलं. मी एकदा भाकरी वाढताना बोलून गेले, शेवंतीला असली करपलेली आवडायची. त्यानं ताट सरकवलं आणि गोठ्यात जाऊन बसला. परत आला तवा म्हणाला, ह्या घरात तिचं नाव काढू नको. मला जगायचं हाय. मंग नाय काढलं. वाडीतल्या माणसांनीपण नाय काढलं. पोर मेली ती मेली, नावपण मेलं.

मी गाडी सोडली. किटली डोक्यावर घेऊन पोलादपूरपावेतो चालत जायची, चालत यायची. पावसाळा, हिवाळा तसाच काढला. पण ऊन तापाय लागलं तसं दूध नासाय लागलं, हॉटेलवाला म्हणाला, बाई, असं दूध मला चालायचं नाय. दुसरं करणार काय? परत उभी राहिले वळणावर. गाडी आली, आणि साळवीनं ती पुढं नेली नाय. बरोब्बर माज्या पायाशी आणून उभी केली, सडकेच्या अगदी कडेला, मास्तर खाली उतरून मागं जाऊन हात दाखवत उभा राहिला, ट्रकांना. मी चढले, बसले, म्हातारीनं जागा धरलेली होती. साळवीनं मागं वळून बघितलं नाय. मला पुढं कळलं, तो तसाच रोज थांबवत होता, वळणावर कुणी असो नायतर नसो.

मंग लोक विचाराय लागले, हितं कशाला थांबते गाडी? मास्तर सांगायचा, शेवंतीचं वळण हाय. आणि एक दिवस येताना पोलादपूरला खालच्या गावचा एक माणूस चढला, मी ओळखत नव्हते त्याला, आणि म्हणाला, मास्तर, दोन शेवंती द्या. दोन शेवंती. माज्या छातीत कुणी दगड हाणल्यासारखं झालं. त्या माणसाला काय ठावं, त्याच्या मनानं ते गावाचं नाव. पण पुढं रोज तेच. एक शेवंती, अर्धं शेवंती, शेवंती आलं काय हो, शेवंतीवाले पुढं या.

मला सहन होईना. मी मास्तरला म्हटलं, मास्तर, तिचं नाव नका घेऊ. तो म्हणाला, लोकांचं तोंड मी कसं धरू बाई, पण मी नाय घेणार. आणि खरंच नाय घेतलं. वळण आलं की नुसती घंटी मारायचा. त्याचं बघून बाकीची माणसंपण गप झाली, वळणावरचं द्या, म्हणाय लागली. म्हातारीनं सांगितलं असणार त्यांना. काय दिवस असे गेले. आणि काय सांगू तुम्हाला, ते वाईट होतं. घरात नाव नाय, वाडीत नाय, आणि आता गाडीतपण नाय. घंटी वाजायची आणि मी वाट बघायची, आता म्हणेल, आता म्हणेल. शेवटी मीच त्याच्याजवळ गेले, म्हटलं, मास्तर, चुकलं माजं. बोला तुमी, पयल्यासारखं बोला. त्यानं माज्याकडं बघितलं, डोळे पुसले, आणि मोठ्यानं ओरडला, शेवंती, शेवंतीवाले उतरून घ्या.

शेवंती गेल्यापासनं आमचा माणूस गाडीत बसत नव्हता. मी त्याला ह्यातलं काय सांगितलं नव्हतं. पुढं त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, महाडला न्यावा लागला, तवा परत पयल्यांदा बसला. येताना वळण आलं आणि मास्तर ओरडला. आमचा माणूस उठेना. मी म्हटलं, चला, आलं आपलं. तो म्हणाला, काय म्हणाला तो? मी म्हटलं, तुमी ऐकलंत तेच. उतरला, गाडी गेली, तरी सडकेच्या कडेला उभाच. मंग म्हणाला, कवापासनं? मी म्हटलं, लय दिवसांपासनं. आणि वाटेला लागला. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी धुतलेला सदरा घालून आला आणि म्हणाला, मी येतो तुज्यासंगं पोलादपूरला. काम काय, विचारलं, तर म्हणाला, काय नाय, असंच. तसा तो पुढं येतच राहिला, मधनंमधनं. काम नसायचं. जाताना खिडकीतनं बघत बसायचा, येताना पुढच्या बाकावर, मास्तरच्या जवळ. तिकीट मी काढायला गेले तर मला थांबवायचा, आणि स्वतः मागायचा. दोन शेवंती.

घरात मात्र त्यानं नाव काढलं नाय, मरेपावेतो. गेला तो मागच्या उन्हाळ्यात.

साळवी रिटायर झाला, मास्तरपण कुठं बदलून गेला, म्हातारी कवाच वारली. आता थांब्याला पाटी लागली हाय, खालच्या गावाचं नाव लिवलंय तिच्यावर, कातळवाडी फाटा. लोकं सोयीनं तेच म्हणतात. नवा कंडक्टर हाय, चांगला पोरगा हाय तो, मी शेवंती मागितलं तर म्हणाला, आजी, असा थांबा नाय. मंग एका बाईनं त्याला सांगितलं, जुनी माणसं म्हणतात हो, तिथं पूर्वी फुलांचा मळा होता. काय बोलायचं. मळा तर मळा.

आता रतीब नाय, म्हशी विकल्या, तरी बाजाराला जाते. रोज होत नाय, गुडघे दुखतात. मी शेवंती म्हणते, तो कातळवाडी म्हणतो आणि तिकीट फाडून देतो. भांडत नाय मी. मी हाय तवर म्हणणार, मागं कोण म्हणणार? नायच म्हणणार.

तुमची गाडी यायची वेळ झाली, उतरा आता, उजेड हाय तवर. वाट निसरडी हाय, काठी घेऊन जा ती, वळणावर ठेवा, मी उद्या आणीन. पोरंबाळं हायत ना तुमाला? सुखात ऱ्हावी. जा, सावकाश जा.