घाटात उघडं ठेवलेलं दार

माझं माहेर अमळनेरकडचं, लगीन झालं अन् सुरतेत आले, कतारगामात एका खोलीत संसार मांडला, आमचे हे कापडाचा ट्रक चालवायचे अन् मी घरी बसून साड्यांले टिकल्या लावायची. आमच्याकडं थंडी म्हणजे काय, पंखा बंद करून गोधडी ओढायची. बर्फ मले गोळेवाल्याकडचा तेवढा माहीत.

नव्वदनंतरची गोष्ट, पोरं लहान होती, अन् यांले श्रीनगरले पोचवायचा माल मिळाला. म्हणे, चल, जम्मूकडच्या देवीचा आपला नवस राहिलाय, तोही फेडू. दोन्ही पोरं नणंदेकडं ठेवली. दर्शन चांगलं झालं, पुढं घाटात चढलो तर बर्फानं रस्ता बंद, मग एका ढाब्यावरच मुक्काम. काय सांगू तुम्हाले, दोन लुगडी, त्यावर यांचा स्वेटर, पायाले बारदान गुंडाळलं, तरी दात वाजायचे थांबेनात.

आता आमची रीत अशी, की गाडी निघायच्या आधी घरच्या बाईनं चाकावर पाणी घालायचं. सकाळी रस्ता उघडला, हे म्हणाले घाल पाणी, मी ढाब्याच्या चुलीवरचं कोमट पाणी घेतलं अन् समद्या चाकांवर घातलं, कुंकू लावलं, मग आम्ही चहा प्यायला बसलो. तेवढ्यात पाणी गोठलं अन् चाकं रस्त्याले चिकटून गेली. यांनी जोर दिला, मागची सुटली, पुढची तशीच, अन् अख्खी गाडी मागून दरीकडं फिरली. काठाले येऊन कशी थांबली, देवाले माहीत.

एक म्हातारे सरदारजी पळत आले, ते बी ट्रकवालेच. म्हणे बेटी, पानी डाला क्या, यहाँ पानी नहीं डालते. त्यांनी चुलीतली गरम राख आणून चाकांपाशी टाकली, गाडी सरळ करून दिली, अन् सांगितलं, पुढं उतार आहे, पहिला गिअर सोडू नका, ब्रेक दाबू नका, माझ्या मागं मागं या.

उताराले लागलो तर रस्ता नुसता काच. यांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी आवळून छातीशी धरलं, मी यांले तसं कधी पाहिलं नव्हतं. डोंगर माझ्या बाजूले, दरी यांच्या. माझ्याकडं न बघता म्हणाले, दार उघडं ठेव, गाडी घसरनी ते तू उडी मारी देजो, पोरांले एक तरी पाहिजे. मी दार उघडलं, एक पाय बाहेर पायरीवर ठेवला, वारं असं गार की एक हात दाराच्या दांडीले चिकटतो का काय वाटे, अन् दुसऱ्या हातानं यांचा सदरा धरून बसले. पुढं सरदारजींची गाडी जराशी हलली की मी सदरा अजून घट्ट धरी. पोरं डोळ्यांपुढं, हे बाजूले. घाट संपला तरी माझ्यानं ना दार लावलं गेलं, ना सदरा सुटला.

आता यांचे गुडघे गेले, घरीच असतात. थोरला सुरतेजवळच्या कडोदऱ्याले टेम्पो चालवतो, रोज सकाळी मी चाकावर पाणी घालते अन् टेम्पो वळणाआड जाईस्तोवर तिथंच उभी राहते. कधी लहर आली की हे विचारतात, खरं सांग वं, गाडी घसरली असती तर तू उडी मारली असती का. मी म्हणते, चहा निवतोय, प्या. दोघांतून एक धरायची वेळ देवानं कोण्या बाईवर आणू नये, बस, अजून काय मागू.