विसाव्या गाडीचं बॉनेट

हात जोडा मंडळी, चपलांची काळजी सोडा आणि ऐका! जरा उशीर झाला यायला. घाटात थांबलो होतो – निसर्ग बघत. हसू नको रे बापू! आमच्या मृदंगवाल्याला भलत्या वेळी हसू येतं.

तर प्रश्न असा – आपल्या घरचं दुखणं झाकून ठेवलं, तर त्यात पाप ते काय? लोकांचं काय जातं?

ऐका! खडकवाडीच्या स्टँडवर गरुडरथ नावाच्या वीस गाड्या. सात माणसांची गाडी, बसायची चौदा! त्यातली एक गेनू वाघचौऱ्याची. गाडी देखणी, पण घाट लागला की धापा टाकायची. पांढरी वाफ अशी, की मागच्या सीटवर ठेवलेली अंडी उकडून निघाली! – खोटं वाटतं? कोंबडीला विचारा.

मेकॅनिक म्हणाला, "गेनूभाऊ, हेड गॅस्केट गेलं."

गॅस्केट म्हणजे काय, मावशी? कुकरची रिंग असते ना, तसलीच इंजिनाची पट्टी. ती गेली की पाणी तेलात शिरतं. गेनूनं तेल मोजायची कांडी बाहेर काढली – तिला तेल कुठलं, दुधाचा चहा!

पट्टी हाताएवढी, पण बदलायला अख्खं इंजिन खोलायचं. दोनदा बदलली, बायकोच्या पाटल्या गेल्या. तिसऱ्यांदा गेली, तेव्हा गेनू कंपनीच्या दारात. साहेब गोड हसले. "वाघचौरे, सगळीकडून तुमची एकट्याचीच तक्रार आहे हो. गाडी नीट चालवता ना?"

झालं! गडी खाली मान घालून परतला. स्टँडवर कुणी विचारलं, "काय गेनू, गाडी?" "लोण्यासारखी!" "आणि तुझी?" "माझी? पाखरू आहे पाखरू!" पण मंडळी, या पाखरांच्या सीटखाली पाण्याचे कॅन कशाला होते?

गेनूनं ठरवलं – विकून मोकळं व्हायचं. गिऱ्हाईक मिळालं चंद्रभागाबाई. घाटापलीकडच्या शाळेत रोज अकरा पोरं न्यायची होती तिला. दसऱ्याला पूजा करून गाडी नेणार.

आता खडकवाडीची रीत अशी, की दसऱ्याला बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावायचं. त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, विसाच्या वीस गाड्यांची बॉनेटं बंद! कुंकू वरच्या पत्र्यावर!

चंद्रभागाबाई म्हणाली, "दादा, झाकण उघडा की. पोरं बसायची आहेत हिच्यात."

गेनूच्या हातात नारळ. घाम असा, की नारळ निसटतोय. उघडावं, तर गिऱ्हाईक जातं. न उघडावं, तर – घाट, वाफ आणि अकरा पोरं! एक पाय पुढं, एक मागं. सांगा, तुम्ही काय केलं असतं? – बघा, सगळे छताकडं बघायला लागले!

खाट्! गेनूनं बॉनेट उघडलं. "ताई, घेऊ नका. तिसऱ्यांदा गॅस्केट गेलंय."

मग शेजारचा सुभान पुटपुटला, "माझं दोनदा." – खाट्! "माझंही!" – खाट्! खाट्! खाट्!

चंद्रभागाबाईनं कुंकवाचं बोट पुढं केलं. "दादा, हे इंजिनाला नको. तुमच्या जिभेला लावायला हवं!"

दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या कंपनीकडं. वाफ एवढी, की शहरातल्या लोकांनी धुकं समजून स्वेटर घातले! साहेब दारात आले – "तुमची एकट्याचीच..." एवढंच म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं. एका अर्जावर एकोणीस सह्या! महिन्याभरात एकोणीस गाड्यांना नव्या घडणीचं गॅस्केट, फुकट!

काय म्हणता, मुकुंदराव? गाड्या वीस होत्या? – हेच विचाराल याची मघापासून धास्ती होती. म्हणून तर आज पाय एका जागी ठरेना!

विसावीचा मालक बॉनेटवर हात ठेवून म्हणाला होता, "माझी? ठणठणीत!" मोठा माणूस. चार गावांत लोक त्याच्या पाया पडतात. त्याच्या गाडीत खोट कशी निघेल?

मंडळी, आपापली बॉनेटं आपण घरी जाऊन बघा. कुणी जावई शोधताना झाकलंय, कुणी म्हैस विकताना. पण मुकुंदराव, तुम्ही थांबा. आपला सौदा ठरलाय ना परवा? लेकीला बाळंतपणाला आणायला नेणार आहात ना ती गाडी?

नेऊ नका.

बापू, मृदंग ठेव खाली. जा, बाहेर आपल्या गाडीचं बॉनेट उघड – आणि सगळ्यांना बघू दे!